हलकं की जड

"हे घेऊन डोंगर चढायचा? त्यापेक्षा गाय खांद्यावर घेते," आमची लेक नोटबुर्गा पुटपुटली आणि जड बाइंडिंग टेबलावर आपटलं.

दुकानात आम्ही तिघंच. मी भाड्याचे बूट पुसत होते. माझा नवरा कासिआन दोन जोड्या समोर मांडून बसला होता. त्याचं सगळं आयुष्य याच टेबलाशी गेलं. बूट स्कीवर धरून ठेवणारा आणि माणूस पडला की वेळेवर सोडून देणारा चाप, म्हणजे बाइंडिंग, बसवायचा, वजन विचारून त्याची ताकद जुळवायची. गिऱ्हाइकं वजन कमी सांगतात, स्की शिकवणारे वाढवून सांगतात. तो दोघांकडेही चष्म्यावरून नुसता बघतो.

नोटबुर्गा शिकवणाऱ्यांतलीच. आठवडाभर लिफ्टच्या पाळण्यांखाली, यंत्रानं दाबलेल्या बर्फाच्या उतारांवर पाहुण्यांची पोरं सांभाळायची आणि सुट्टीला, जिथे लिफ्ट नाही तिथे, स्कीच्या तळाला मागे घसरू न देणाऱ्या पट्ट्या लावून चालत चढायचं. दोन्हीला चालेल अशी एकच जोडी तिला हवी होती. तिचा भाऊ सेवेरिन हिमस्खलनात गेल्यापासून ती डोंगरात गेली नव्हती. या रविवारी जाणार होती.

हिमस्खलनाचा धोका मध्यम, असं सकाळी रेडिओनं सांगितलं होतं. जास्त म्हटलं की लोक घरात बसतात, मध्यम म्हटलं की डबा भरून निघतात. सेवेरिन गेला तो दिवसही मध्यमच होता.

कासिआन तिला समजावत होता. जड बाइंडिंग चढताना बुटाचं टोक दोन खिळ्यांत धरतं, पण माथ्यावर ते बदलून घेतलं की उतरताना लिफ्टखालच्या बाइंडिंगसारखं घट्ट धरतं आणि पडलं की सोडतं. हलक्यात चढायला आणि उतरायलाही तेच खिळे. चढताना पुढचा खटका वर ओढून ते पक्के करायचे, उतरताना आठवणीनं खाली करायचा.

आमच्या खोऱ्यातले लोक तो खाली करत नाहीत. कडक बर्फाच्या उभ्या उतारावर स्की चुकून सुटली तर माणूस थेट दरीत, म्हणून खटका वरच ठेवतात आणि त्याला हुशारी म्हणतात. हे कासिआननं सांगितलं नाही. आमच्या घरात हे कुणीच बोलत नाही.

"सगळे हलकंच वापरतात, बाबा. उभ्या उतारावर खटका वर ठेवला की झालं."

कासिआनच्या हातातला पेचकस थांबला. त्यानं आधी जड बाइंडिंगची नमुन्याची स्की जमिनीवर ठेवली, मला तिच्यावर उभं राहायला सांगितलं आणि लेकीला बूट अडकवून पाय पिळायला लावला. तिनं जोर केला. खट्. पाय मोकळा. मग हलक्याची स्की आणली, आणि खटका वर ओढला.

ती हसतच सुरू झाली. गुडघ्यातून पिळलं, मग कमरेतून. तोंड लाल झालं. माझ्या तळव्याखाली स्की थरथरत होती, पण पाय सुटत नव्हता. तिचं हसू कधी थांबलं ते तिलाही कळलं नसेल.

"म्हणजे बघ," कासिआन म्हणाला, "हिमस्खलनात स्की सुटली नाही, तर ती माणसाला खाली ओढत..." आणि तिथेच अडखळला. माझ्याकडे एक नजर टाकून आमच्या घरातलं ठरलेलं वाक्य म्हणाला, की त्या दिवशी बर्फच वाईट होता. लेकीनंही ठरल्याप्रमाणे मान हलवली.

कासिआनला वाटतं, मला माहीत नाही. नाताळच्या, येशूजन्माच्या देखाव्यातले लाकडी मेंढपाळ काढायला मी त्या वर्षी दुकानाच्या माळ्यावर गेले होते. कोपऱ्यात गोणपाट होतं. मी ते उचललं, बघितलं, पुन्हा नीट झाकलं, आणि खाली येऊन मेंढपाळ गवतात मांडले. तेव्हापासून या टेबलावर कुठलाही खटका वाजला की मी दचकते, आणि दोघांना वाटतं, आईचं वय झालं.

"आई, उतर ना," नोटबुर्गा म्हणाली. "पाय दुखतोय."

मी स्कीवरून उतरले नाही.

"बर्फाचं राहू दे," मी म्हणाले. "सेवेरिनचा पाय बुटातून उपसून काढला होता लोकांनी. बूट अजून स्कीतच आहे, वर माळ्यावर. आणि खटका वर ओढलेला आहे."