वरातीत वाजलेलं केरळचं गाणं

मित्रांनो, नवरदेवापेक्षा जास्त माणसं माझ्यामागे नाचली असतील, पण पंगतीला मला कुणी विचारलं नाही. मी आहे पितांबर मास्तरांची जुनी क्लॅरिनेट. मेरठच्या कारखान्यात काळ्या लाकडातून घडले आणि विसरवाडीच्या बँडमध्ये नांदले. कोणता व्याही मनापासून नाचतो आणि कोणता नाचता नाचता खिसा सांभाळतो, हे मी बरोबर टिपून ठेवलं आहे.

पुढे डीजे आला. कालपर्यंत कौतुक करणारे मला ‘पिपाणी’ म्हणू लागले. बँडमध्ये ढोल वाजवणाऱ्या भाग्येशने, म्हणजे मास्तरांच्या मुलानेच, सांगून टाकलं की हा हंगाम संपला की मला पेटीत बंद करायचं आणि साउंड सिस्टीम लावायची.

त्याच हंगामात दवाखान्यातल्या लिसी सिस्टरच्या मुलीचं लग्न निघालं. सिस्टर मूळच्या केरळच्या, पण अर्ध्या गावाला इंजेक्शनं देता देता अहिराणी शिकलेल्या. त्यांची अट एकच. आई माहेराहून येणार, तिच्या आवडत्या मल्याळी सिनेमातलं गाणं वरातीत वाजलं पाहिजे.

“आबा, गाणं मोबाईलमा शे. तेच लाई दिऊत,” भाग्येश म्हणाला.

“मोबाईलले दम लागस का? मी वाजाडसू.”

मास्तरांनी मोबाईल कानाला लावून चाल उचलली. सिनेमा पाहिलाच नाही. भाषा कुठे कळणार होती? मग बँडच्या रिवाजाप्रमाणे चालीला वरातीचा ठेका चढवला. वरात अशी नाचली की नवरदेवाच्या मामांचा फेटा सुटला. फक्त सिस्टरची आई मांडवाच्या दाराशी तोंडाला पदर लावून उभी होती. तिचे खांदे हलत होते. मास्तरांचा श्वास तुटला. मी म्हटलं, संपलं. आता पेटी.

सिस्टर हसू आवरत आल्या. “पितांबरदादा, हाई अंगाई शे. तुम्ही नवरदेवले झोपाडी ऱ्हायनात.”

आईसुद्धा हसतच होती. तिने हाताने ढोल थांबवायला सांगितला आणि ते गाणं स्वतः, संथपणे म्हणू लागली. मास्तर हलकेच मला फुंकत तिच्या मागून गेले. नाचणारे जागच्या जागी खाली बसले. कुणाच्या कडेवरचं पोर तर खरंच झोपलं.

दुसऱ्या दिवशी बापलेकांनी तो सिनेमा अख्खा पाहिला. शब्द एकही कळला नाही, पण कोणतं गाणं हसण्याचं, कोणतं रडण्याचं आणि कोणतं नाव वल्हवतानाचं, ते कळलं. शेवटी भाग्येश म्हणाला, “आबा, रविवारना लगीनमा यामातलं नावेनं गाणं वाजाडा. क्लॅरिनेटवरच.”

तेव्हा मित्रांनो, घरातलं जुनं वाद्य पुसून ठेवाच, पण त्याला वाजवाही. आणि दुसऱ्या मुलखाचं गाणं उचलाल, तर त्याचा सिनेमा शेवटपर्यंत बघा. भाषा येत नाही म्हणून अडू नका. मला तरी कुठे एखादी येते?