वाढप्याच्या कमरेची किल्ली

जरा जवळ सरका, मायबाप, सतरंजीवर जागा आहे. एका किल्लीची गोष्ट सांगतो. पण आधी ही टाचणी बघा. डोक्यापाशी वाकलेली, गंजलेली, आणि तिनं कागदावर उमटवलेला तो तांबूस ठिपका... परभणीच्या संगणक केंद्रात मशीन सांभाळणारे दिनकरराव मघापासून तो अंगठ्यानं पुसत होते आणि तो पुसला जात नव्हता. पुण्याहून तीन महिन्यांपूर्वी आलेलं दोन पानी पत्र. पहिलं पान त्यांनी तेव्हाच वाचलं होतं: सर्व्हर, म्हणजे मागेल त्याला पान पाठवणारा प्रोग्राम, चालू कसा करायचा. टाचणीखालचं दुसरं आज वाचलं.

एकदा चालू झालं की पुढचं कोण वाचतं! सेलूच्या बाजारातून टेलिफोनच्या तारेवरून कुणी कापसाच्या भावाचं पान मागितलं, की परभणीतलं हे युनिक्सचं मशीन मुकाट्यानं ते पाठवून देई. वाढपीच हा, असं दिनकरराव कौतुकानं म्हणत. मागेल त्याच्या पत्रावळीवर मागेल ते. सुरुवातीला पान अडायचं, तेव्हा सेलूच्या बाजारात पानं मागवणारा पंडित फोनवर ओरडायचा, "बुवा, पान येईना गेलंय! लोक माझ्या डोक्यावर बसलेत. उघडा की दार!" आणि आलेला उपाशी जाऊ नये म्हणून दिनकरबुवांनी — कीर्तनात मागं टाळ धरणाऱ्यालाही लोक बुवाच म्हणतात — सगळी दारं उघडली, त्या प्रोग्रामला मशीनच्या मालकाचाच हक्क देऊन टाकला. दुसऱ्या पानावर नेमकं तेच लिहिलं होतं: मालकाच्या हक्कानं चालवू नका, वेगळं बिनहक्काचं नाव द्या, नाहीतर मागणारा पायरी-पायरीनं आत शिरून कुठलंही पान मागेल, आणि हा देईल. म्हणजे वाढप्याच्या कमरेला कोठीची किल्ली... पिंगळीच्या सप्त्यात दर साली वाढायला उभं राहणाऱ्या माणसाला हे पुण्याहून कळावं?

परवा निवडयादी फुटली. सहा कारकुनांची, अजून सही न झालेली. सेलूच्या हॉटेलात चहाबरोबर फिरली.

"यादी याच मशीनवर टाईप केली सत्यशीलानं," केंद्रप्रमुख आबासाहेब सकाळी म्हणाले होते. "रोजंदारीवरची बाई. पाच वाजता तिला काढायच्या कागदावर सही करतो, उद्यापासून बंद. पंधरवड्यापूर्वी विद्यापीठाचं नामांतर झालं आणि लगेच या लोकांना..." वाक्य त्यांनी तिथंच सोडलं. दिनकररावांनी मान हलवली.

का हलवली?

मग ती स्वतः दारात आली. डबा हातात, उघडलेला नाही. "काका, तुमी तरी सांगा साहेबांना. कागद माझ्या हातून बाहेर गेला न्हाई. अन् फोडायचीच असती तर आधी माझं नाव नसतं का घातलं त्यात!" बोलता बोलता ती हसली, आणि ते हसू अर्ध्यावर विझलं. "बघतो," ते म्हणाले. बघतो! दुपारभर बघतच होते. वाढप्याला नवं, बिनहक्काचं नाव दिलं. किल्ली काढून घेतली. भावाच्या पानांची एक खोली सोडून बाकी दारं लावली. शेजारच्या टर्मिनलवरून यादी मागून पाहिली. नकार आला. घटकाभर बरं वाटलं... आणि मग त्यांनी सर्व्हरची नोंद उघडली.

कुणी, कधी, काय मागितलं आणि मिळालं का, हे तो आपलं आपण लिहून ठेवतो. एक ओळ होती. सोमवार, अकरा वाजून बारा मिनिटं, सेलू, निवडयादी, दिली. साहेबांपुढं ही ओळ ठेवली की सत्यशीला सुटते. आणि लगेच विचारणा होते की किल्ली दिली कुणी? मालकाचा पासवर्ड एकट्या दिनकररावांना ठाऊक. ओळीवर जाऊन 'डी' दोनदा दाबलं, की ओळ पुसली जाते, जणू कधी नव्हतीच.

उठावंसं वाटे, उठून कुठं जावं ते सुचेना... आठवला तो अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यातला पिंगळीचा सप्ता. कोठीची कडी लावायची आपणच विसरलो होतो. तुपाचा डबा गेला आणि कुणीतरी म्हणालं, "तिथं लिंबाजी होता ना, लाकडं फोडायला..." तेवढंच. समोर कीर्तनकार बुवांनी नमन धरलं होतं, आपल्या हातात टाळ होते, आपण सुरात सूर मिसळला. लिंबाजीनं कुऱ्हाड भिंतीला टेकवली, खांद्यावर सदरा टाकला आणि तो जेवल्यावाचून गेला. त्या दिवशी गळा किती छान लागला होता...

बुवा अर्धा चरण टाकतात. उरलेला मागच्यांनी उचलायचा असतो, तेच तर टाळकऱ्याचं काम. आबासाहेबांनीही सकाळी अर्धंच टाकलं होतं. उरलेलं कुणी म्हटलं? दिनकररावांनी स्वतःलाच विचारलं, खोलीत दुसरं होतं कोण? मी. मान हलवून, बरोबर समेवर, मीच उचललं.

पाचाला दहा मिनिटं होती. बोट 'डी'वर होतं, दाबलेलं नव्हतं. आणि आयुष्यात पहिल्यांदा दिनकररावांना आपल्या गोड गळ्याची भीती वाटली.

पुढचं मला विचारू नका, मायबाप. आज पंगतीत तुमच्या पानावर पहिला घास येईल, तेव्हा पाच वाजायची वाट बघत केंद्राच्या जिन्याच्या पायरीवर न उघडलेला डबा मांडीवर घेऊन बसलेल्या सत्यशीलेची तेवढी आठवण राहू द्या.