दार नसलेला तट

मिएन आजींनी आठ हत्ती एकदम पुढे काढले आणि माऊसवरचा हात न उचलता दुसऱ्या हाताने सूर्यफुलाची बी तोंडात टाकून कट्‌कन फोडली.

"आई, टरफलं कीबोर्डात पडतायत."

"पडू देत. हत्ती खातील."

शेजारच्या मशीनवर त्यांचा मुलगा क्वांग पडद्याला नाक लावून बसला होता. एके काळी या खालच्या खोलीत मशीनच मशीन होती आणि अख्ख्या नाम दिन्ह शहरातली पोरं ही जुनी साम्राज्यांची लढाई खेळायला इथे जागेवरून भांडायची. नवरा गल्ल्यावर बसायचा, आजी नूडल्स द्यायच्या, आणि देता देताच खेळ शिकल्या. आता नवरा नव्हता. सिगारेट आणायला म्हणून गेला आणि गल्लीच्या तोंडाशी मोटरसायकलने उडवला. तेव्हापासून क्वांग कामावर जाताना जाळीचं दार ओढून बाहेरून कुलूप लावायचा. आई आत.

आजी जाळीला तोंड लावून समोरच्या चहावाल्या लुआला थापा मारायच्या. कालच सांगितलं, एका राजाने मागणी घातलीय, म्हणून पोराने मला कोंडलंय. लुआ हसून हसून डोळे पुसायची आणि जाळीतून गार चहाचा पेला आत द्यायची. पण जाळीतून कितीसा चहा पिणार?

म्हणून आज ही पैज. आजी जिंकल्या तर किल्ली त्यांची. हरल्या तर कुलपाचं नाव काढायचं नाही, जन्मात.

"तुझं सैन्य कुठं गेलं रे?"

"आहे. आत आहे."

क्वांगने गावाभोवती दगडी तट घातला होता, तोही दुहेरी. आजी बघतच राहिल्या. हाच पोरगा पूर्वी तट बांधणाऱ्याला बिळातला उंदीर म्हणायचा. डोळ्याचं पातं लवायच्या आत दुसऱ्याच्या गावात घुसलेला असायचा.

आजींनी हल्ला केलाच नाही. चरायला सोडल्यासारखे हत्ती तटाबाहेर उभे केले आणि निवांत बिया फोडत बसल्या.

थोड्या वेळाने शेजारची टकटक थांबली. तटाच्या आतली झाडं तोडून संपली होती. लाकूड नाही म्हणजे शेत नाही, रथ नाही, काहीच नाही. रान सगळं बाहेर. आणि या जुन्या खेळात तट बांधता येतो, पण त्याला दार ठेवता येत नाही. बाहेर पडायचं तर आपलाच तट आपल्याच हाताने फोडायचा.

"फोड की एवढासा."

"तुझे हत्ती घुसतील."

"घुसणारच. हत्ती आहेत ते, आत येऊ का विचारत नाहीत."

क्वांगचं बोट बटणावर गेलं, थांबलं, मागे आलं. पुन्हा गेलं. पडद्यावर त्याची माणसं कुऱ्हाडी खांद्यावर टाकून नुसती उभी होती. त्याच्या कपाळावर घाम आला होता. आजींच्या ओठावर आलेली थट्टा तिथेच राहिली.

"शेंगदाण्याची चिक्की खातोस?" त्यांनी विचारलं.

त्याने नको म्हणून मान हलवली. मग खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली.

"हरलो, आई."

आजींनी चपला घातल्या, क्वांगने घरात असतानाही लावून ठेवलेलं कुलूप जाळीतून हात घालून काढलं, बाहेर पडल्या आणि दार मागे ओढून घेतलं. कडी न लावता कुलूप तिला उघडंच लटकवलं. तेवढ्यात दोन स्कूटर समोरून सुळकन गेल्या. मागून "आई!" ऐकू आलं. आजी थांबल्या, दोन्हीकडे पाहिलं आणि रस्ता ओलांडला.

"अगंबाई!" लुआ ओरडली. "राजाने सोडवलं वाटतं!"

"हत्ती पाठवले होते त्याने. दोन चहा कर."

"दुसरा कुणाला?"

आजींनी वळून पाहिलं. क्वांग जाळीच्या आत दोन्ही मुठींत गज धरून उभा होता. नुसतं ढकललं असतं तरी दार उघडलं असतं.

"हाक मारू का त्याला?"

"नको गं."

आजींनी दुसरं स्टूल पायाने जरा पुढे सरकवलं आणि त्याच्याकडे पाठ करून बसल्या.