चार बोटं पुढे

रुचिराने नीताच्या शिडाच्या बोर्डावर वीत टाकली. मागच्या पायपट्टीपासून डोलकाठीच्या बोल्टापर्यंत बरोबर तीन विती. मग ती गुडघ्यांवरच सरकत आपल्या बोर्डाकडे आली. तीन विती झाल्या तरी बोल्ट पुढेच. तिने बोटं लावून पाहिली. चार बोटं पुढे.

"काय गं, शिवणकाम घेतलंस की काय?" नीता टॉवेलने केस खसाखसा पुसत म्हणाली.

"हं," एवढंच म्हणून रुचिरा पुन्हा मोजायला बसली.

मोरा बंदराच्या अलीकडे जुन्या मिठागरांचा एक बांध आहे. त्याच्या आडोशाला खाडीचं पाणी परातीतल्या पाण्यासारखं सपाट राहतं आणि वरून वारा मात्र पिसाटल्यासारखा वाहतो. शिडाचा बोर्ड वेगात पळवणाऱ्यांना आणखी काय हवं! पनवेलची ही दोन जोडपी, रुचिरा-विश्वजीत आणि नीता-प्रितेश, रविवार आला की गाड्यांच्या टपावर बोर्ड बांधून इथे हजर. दुपारचे फेरे झाले की चारही बोर्ड गवतावर ओळीने मांडायचे आणि एकमेकांच्या सामानाची उणीदुणी काढायची, हा ठरलेला कार्यक्रम. आज प्रितेशचं नवं फिन, म्हणजे बोर्डाच्या बुडाला लागणारं पातं, कौतुकाला होतं.

"शार्प बघ ना, एकदम सुरी!" तो सांगत होता. "ह्याच्यावर आज अठ्ठावीस नॉट. विश्वास नसेल तर घड्याळ बघा."

रुचिराच्या मनगटावरच्या वेग मोजणाऱ्या घड्याळात बावीस होते. दोन वर्षं झाली, बावीसच. तिला पंचवीस हवे होते. ताशी पंचेचाळीस-सेहेचाळीस किलोमीटर. हायवेवर त्याचं कुणाला काही वाटणार नाही, पण पाण्यावर दात वाजतात. नीताचा बोर्ड हिच्यासारखाच, दोघींनी एकाच दिवशी घेतलेला. वजनही उन्नीस-बीस. आणि नीता हसतखेळत पंचवीस ओलांडायची. रुचिराने तिचं शीड वापरून पाहिलं, प्रितेशचं जुनं फिन लावून पाहिलं, अंगात वजनाचं जाकीट घातलं. ढिम्म. मग दोष द्यायला एकच गोष्ट उरली, ती स्वतः. दोन वर्षांपूर्वी याच खाडीत ती जोरात फेकली गेली होती, खांद्याजवळचं हाड मोडलं होतं. "बसते गं मनात भीती," सगळे गोड आवाजात म्हणायचे. विश्वजीतही म्हणायचा. तिलाही ते पटलं होतं.

आज सकाळी बोर्ड बांधतानाच तिने जाहीर केलं होतं, "सीझनचा शेवटचा वारा आहे. आज पंचवीस झाले नाहीत तर बोर्ड विकून टाकणार."

"जशी तुझी इच्छा," विश्वजीत म्हणाला होता आणि पुन्हा एकदा दोरी आवळायला लागला होता.

बोर्डाच्या मधोमध एक लांबट खाच असते. डोलकाठी ज्या बोल्टवर बसते तो या खाचेत पुढेमागे सरकवता येतो. मागे घेतला की बोर्ड मोकळा सुटतो. पुढे नेला की त्याचं नाक पाण्याला चिकटतं, बोर्ड शहाण्या बाळासारखा बेताने चालतो. आणि खांदा मोडल्यापासून रुचिराचा बोर्ड विश्वजीतच जोडायचा. ती कपडे बदलून येईपर्यंत सगळं तयार! "आमच्या साहेबांनाही शिकवा जरा," असं म्हणून नीता प्रितेशला टोमणा मारायची.

विश्वजीत गाडीपाशी थर्मासमधून चहा ओतत होता. रुचिराचा हात कुठे आहे ते त्याने पाहिलं आणि कप अर्धाच भरून थांबला.

"विश्वा, हा इथे कधीपासून आहे?"

"सरकला असेल."

"घट्ट आहे."

त्याने कप बॉनेटवर ठेवला. "तुझा खांदा मोडला तेव्हापासून."

प्रितेशने हातातलं पातं हळूच खाली ठेवलं.

"दोन वर्षं मी स्वतःला भित्री म्हणतेय," रुचिरा म्हणाली. "तुझ्यासमोर बसून रडलेय. आणि तू पाठ थोपटत होतास."

"तू पाण्यावर पालथी पडलेली होतीस, रुचिरा. ते तू पाहिलं नाहीस. मी पाहिलंय."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तोंड उघडलं तर काय बाहेर पडेल याचा नेम नव्हता, म्हणून तिने दोन्ही हातांनी बोल्ट धरला आणि पिळला. तो हलेना. विश्वजीत पुढे आला.

"हात लावायचा नाही."

तिसऱ्या हिसक्याला बोल्ट सुटला. तिने तो चार बोटं मागे घेतला, आवळला, शीड बसवलं आणि सगळं उचलून पाण्याकडे निघाली. बांधाखाली कालवं फोडत बसलेली कोळीण भागी मान वर करून म्हणाली,

"ताई, वारा वाढला हाय. आमच्या होड्या पन नाय गेल्या आज."

"म्हणूनच जायचंय, मावशी."

पहिल्याच झोतात बोर्डाचं नाक उचललं गेलं. अरे बाप रे! पायाखाली पाणी उरलंच नाही, नुसती खरखर. भीती वाटली, चांगली सणसणून वाटली. जुना खांदा ठणकायला लागला. सवयीने शीड ढिलं सोडायला हात निघाला होता, तो तिने दात आवळून जागेवर ठेवला. बांधाचे दगड भराभर मागे गेले. पुढे सपाट पाणी होतं, तिकडेच ती बघत राहिली.

घड्याळात सव्वीस होते.

"सव्वीस!" नीताने किंचाळत येऊन तिला मिठी मारली. प्रितेश शिट्ट्या मारत होता. विश्वजीत कमरेइतक्या पाण्यात उभा होता, बुटांसकट. कधी शिरला होता कोण जाणे. तो काहीतरी बोलायला गेला. रुचिरा त्याच्या शेजारून बोर्ड घेऊन सरळ वर आली.

गवतावर त्याच्या बोर्डाशेजारी तिने आपला बोर्ड टेकवला. हाताला चाळाच लागला होता, तिने त्याच्याही बोर्डावर वीत टाकली. तीन विती, चार बोटं, आणखी चार बोटं. बोल्ट खाचेच्या अगदी टोकाला होता. त्यापुढे जागाच नव्हती.

एके काळी चौघांत तोच सगळ्यात वेगवान. तीस नॉट मारायचा. हल्ली विसाच्या वर जात नव्हता. "गुडघा साथ देत नाही," म्हणायचा, आणि ती त्याला म्हातारा म्हणून चिडवायची. दोन वर्षांत जेव्हा जेव्हा तिने खांद्यावरून मागे पाहिलं, त्याचं पिवळं शीड तिच्या मागेच होतं.

राग गेला नव्हता. तो सहजासहजी जाणारही नव्हता. मग तिने विश्वजीतचा बोल्ट धरला. मिठाने तो पार गच्च बसला होता. तळहाताचं कातडं सोललं, पण तिने तो फिरवला, मागे आणला आणि आवळला.

विश्वजीत निथळत येऊन समोर उभा राहिला.

"वारा आहे अजून," ती म्हणाली. "जा."

"आणि तू?"

"मी बांधावर उभी राहते. आज मी बघते."

विश्वजीत खाली बसला आणि ओल्या बुटांच्या नाड्या सोडायला लागला.