मी चकचकीत केलेले कागद

मित्रांनो, मी एक जुने लॅमिनेशन मशीन आहे. एका आंतरराष्ट्रीय शाळेत, शिक्षकांच्या खोलीतल्या खिडकीजवळच्या टेबलावर माझे आयुष्य गेले. कारखान्यात मला दोन रूळ आणि एक गरम पट्टी मिळाली. कागद आत घ्यायचा, प्लास्टिक चढवून चकचकीत बाहेर सोडायचा, एवढेच माझे काम. त्यावर काय लिहिले आहे याच्याशी माझा संबंध नव्हता. पण वाचता येते, त्याला इलाज नाही.

सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. देशोदेशींचे शिक्षक इथे दोन वर्षांच्या करारावर येत. पहिल्या आठवड्यात घराची आणि विमानाच्या तिकिटाची चौकशी करत, दुसऱ्या आठवड्यात माझ्यापुढे रांग लावत. ‘आदर’, ‘कुतूहल’, ‘सर्वांना सामावून घेऊ’. अशा पाट्या मी शेकड्यांनी काढल्या. वर्गात काय शिकवले, हे मात्र कुणी कुणाला विचारत नसे. जाताना सगळे गळ्यात पडून रडत आणि महिन्याभरात एकमेकांची नावे विसरत. मुख्याध्यापक तर माझ्या प्लास्टिकहून गुळगुळीत. त्यांचे बोलणे कुठे धरावे तेच कळत नसे.

या गर्दीत गणिताच्या बाई आल्या. मुलीला धाकट्या बहिणीकडे ठेवून त्या परदेशी नोकरीला आल्या होत्या. मधल्या सुट्टीत त्या बहिणीला फोन करत. तुमची भाषा मी त्यातूनच शिकलो. माझ्याकडे त्यांनी एकही कागद आणला नाही. फळ्यावर लिहीत, पुसत, पुन्हा लिहीत. मुलांना गणित येऊ लागले.

मग चार पालक तक्रार घेऊन आले. बाईंचे गणित नव्हे, इंग्रजी उच्चार त्यांना खटकत होते. मुख्याध्यापकांनी माझ्या टेबलाशीच बाईंना गाठले आणि फार गोड शब्दांत सांगितले, की वर्ग आता नवे तरुण सर घेतील, बाईंनी मागे बसून मदत करावी. सरांचे उच्चार अगदी हवे तसे होते. त्यांचे स्वतःचे शिक्षण मात्र खेळाचे झाले होते, गणिताचे नव्हे.

परीक्षा चार महिन्यांवर होती. दुसऱ्याच दिवशी सर पुस्तक घेऊन बाईंसमोर येऊन बसले. उद्याचा धडा बाई त्यांना आज समजावत, सर तो वर्गात पाठ म्हणून दाखवत आणि मुले अडली की मागून बाई उठत. मला बाईंचाही राग येई. बहिणीलाही आला असावा. एकदा बाई तिला फोनवर म्हणाल्या, “अगं, नापास मुलं होतील. त्यांनी काय केलंय?”

निकाल उत्तम लागला. सरांच्या हसऱ्या फोटोखाली ‘आमच्या यशाचे शिल्पकार’ असा फलक छापून आला आणि मुख्याध्यापकांनी तो लॅमिनेट करायला बाईंच्याच हाती दिला. बाईंनी कडा जुळवल्या, एकही बुडबुडा येऊ दिला नाही. फलक गरम असतानाच त्यांनी तो मुख्याध्यापकांना दिला आणि वर आपला राजीनामा ठेवला.

काही मनाला लागले का, असे मुख्याध्यापकांनी विचारले.

“माझ्या मुलीला अपूर्णांक जमत नाहीयेत,” बाई म्हणाल्या. “वर्गात रडते म्हणे. तिला शिकवायला घरी जाते.”

सर शेजारीच उभे होते. ते एवढेच म्हणाले, “मग पुढच्या वर्षी माझं कसं होणार?”

बाई गेल्या. नव्या वर्षी सरांनी त्यांना रोज फोन केले. बाईंनी एकदाही उचलला नाही. सहामाहीत अर्धा वर्ग नापास झाला, तेव्हा तेच चार पालक ‘त्या आधीच्या बाई’ कुठे आहेत म्हणून विचारत आले. मुख्याध्यापकांनी त्यांना कॉफी पाजली आणि नवी पाटी करायला सांगितली: ‘चुकांतून शिकूया’. ती काढताना माझी पट्टी जळाली. आता मी अडगळीच्या खोलीत आहे.

मित्रांनो, मला दुरुस्त करा असे मी म्हणणार नाही. माझ्यावाचून कुणाचेही अडत नाही. पण जो माणूस तुम्हाला खरोखर शिकवतो, तो समोर आहे तोवर त्याच्या बाजूने तोंड उघडा. त्या वर्गातली वीसच्या वीस मुले सगळे पाहत होती. एकानेही घरी जाऊन सांगितले नाही.