ईश्वरदासच्या लाल बांगड्या

आमच्या गावात माणूस सुधारायचा एकच उपाय आहे: मरणे. सरण पेटलं की तिथंच शोकसभा भरते आणि भांडखोर माणूस स्पष्टवक्ता होतो, कंजूस काटकसरी होतो, आळशी समाधानी होतो. या कामाला गाव मलाच पुढे करतं. माझ्या थापांना थेट आमगावपर्यंत मान आहे. केवलराम जन्मभर दारू प्यायला. त्याला मी 'सारं दुःख एकट्यानं पिणारा' म्हणालो, तर त्याचा सासराही रडला.

पण ईश्वरदास मेला आणि मी अडलो. माणूस वाईट नव्हता, कोरडा होता. बायकोशी, मुन्नीबाईशी, त्याचं बोलणं म्हणजे 'मीठ कमी' नाहीतर 'मीठ जास्त'. मीठ बरोबर पडलं की त्या दिवशी घरात शब्द नाही.

तिरडी बांधत होते तेव्हा तिनं मला दाराआड बोलावलं. आमच्याकडे बाया घाटावर येत नाहीत.

"भाऊजी, तिथं काय बोलाल ते मले येऊन सांगा. एखादी तरी चांगली गोष्ट असन ना त्याईची? मले तं आठवूनच नाही राहिली."

घाटावर मी 'मितभाषी' म्हणून कशीबशी वेळ मारून नेली. मागून माझा जुना दोस्त शालीकराम कुजबुजला, "काऊन बुढ्या, आज माल संपला का?"

परत आलो तर ती भिंतीला टेकून माझीच वाट पाहत होती. तोंड उघडलं आणि सवयीनं थाप बाहेर पडली.

"वहिनी, एकदा मंडईच्या जत्रेत त्यानं तुमच्यासाठी लाल बांगड्या घेतल्या होत्या. मग द्यायची लाज वाटली. येता येता गावच्या बोडीच्या पाण्यात फेकून दिल्या. मी संगंच होतो."



"बोडीत कायले फेकल्या? मी का खाल्लं असतं त्याईले?"

आणि ती त्या दिवसात पहिल्यांदा रडली. मी मनातल्या मनात माझी पाठ थोपटली.

दहाव्याला त्याच बोडीच्या काठावर बायांनी तिच्या हातातल्या हिरव्या बांगड्या फोडल्या.

मे महिन्यात बोडी आटली. पाहतो तर मुन्नीबाई भर उन्हात चिखलात बसून खुरप्यानं उकरत होती.

"कायले मरता उन्हात, वहिनी? घरी चला."

"भाऊजी, सापडल्या!"

तिच्या तळहातावर काचेचे हिरवे तुकडे होते. गावातल्या साऱ्या विधवांच्या बांगड्या त्या काठावर फुटल्या. माझ्या आईच्या, केवलरामच्या बायकोच्या, तिच्या स्वतःच्या. त्या चिखलात काचेला काय तोटा!

"पण तुमी तं लाल म्हणाले होते," ती तुकडा उन्हात धरून म्हणाली. "पाण्यात काचेचा रंग बदलते का?"

खरं बोलायची हिंमत माझ्यात होती, असं मी मेल्यावर कोणीतरी सांगेलच.

"बदलते," मी म्हणालो. "लाल असन तं हिरवीच होते."

तिनं मान हलवली. तुकडे पदरात बांधले आणि खुरपं पुन्हा उचललं.

"डझनभर तं घेतल्या असतीन ना त्याईनं? मंग अजून असतीन."