तिसरी होडी

सत्यमचा फोन आला तेव्हा करुणा पोटरीएवढ्या चिखलात उभी राहून होडी पाण्याकडं ढकलत होती. फेब्रुवारी लागला की लासूर स्टेशनच्या पुढचा हा तलाव मागं मागं सरकायचा आणि उघड्या पडलेल्या गाळात आसपासचे शेतकरी हरभरा नाहीतर टरबूज लावायचे. होड्या पाण्यापर्यंत न्यायच्या म्हणजे कुणाच्या तरी पिकाच्या कडेकडेनं, वेलांवर पाय पडू न देता न्यायच्या.

"ताई, आज जमत नाय हो," सत्यम पुण्याहून बोलत होता. "घरी पाव्हणे आलेत."

"तू शब्द दिला होता, सत्यम."

"दिला होता, ताई. पण..."

पुढचं तिनं ऐकलं नाही. चिडायलाही ताकद लागते, आणि ती तिनं सकाळी होड्यांच्या शेडचं गंजलेलं कुलूप उघडण्यातच घालवली होती.

वाळूजच्या एका कंपनीतल्या हौशी लोकांनी फार वर्षांपूर्वी हा शिडाच्या होड्यांचा क्लब काढला, त्यात तिचा नवरा इंद्रजीत होता. समुद्र एका रात्रीच्या प्रवासावर आणि हे लोक इथं शिडं उभारणार, म्हणून गावातले लोक लई हसले होते. लग्नानंतर इंद्रजीतनं तिला याच पाण्यात सुकाणू धरायला शिकवलं. तेव्हा रविवारी काठावर जत्रा असायची. एकीकडं चुलीवर पिठलं शिजायचं, दुसरीकडं पोरं पाण्यात ढकलाढकली करायची. मग कंपनीनं हात काढून घेतला. माणसं निवृत्त झाली, पोरं पुण्या-हैदराबादला गेली. इंद्रजीतच्या मणक्यातली गादी सरकली आणि सचिवपद करुणाच्या गळ्यात आलं. सहा दिवस कंपनीच्या लॅबमध्ये उभं राहायचं आणि सातव्या दिवशी इथं येऊन उंदरांनी कुरतडलेली शिडं शिवायची, सभासदांना फोन लावायचे, 'पुढच्या रविवारी नक्की' हे ऐकायचं.

असे क्लब चालवू देणाऱ्या राज्य संघटनेचा नियम साधा होता. वर्षातून एक तरी शर्यत व्हावी आणि तीन होड्यांनी पुरी फेरी मारावी. नाहीतर क्लबची मान्यता जाणार, आणि तिच्यामागोमाग तलावात उतरायची परवानगीही. वर्ष मार्चअखेर संपायचं, आणि आज शर्यत झाली नाही तर त्याआधी पुन्हा होड्या उतरवण्यापुरतंही पाणी राहणार नव्हतं.

एक होडी करुणा चालवणार होती, दुसरी विश्वजीत आणि तिसरी सत्यम. विश्वजीत काठावरच्याच गावचा. वाडवडिलांची जमीन अजून घरचेच कसत होते, पण तो स्वतः शहरात गाड्यांच्या शोरूमला होता. त्याची बायको श्रेया थर्मास घेऊन बांधावर बसली होती. तिला होडीत बसायची लई हौस, पण पोहता येत नव्हतं, आणि पोहता न येणाऱ्याला करुणा सुकाणू देत नसे.

"मग तिसऱ्या होडीत मी बसतो," इंद्रजीत म्हणाला. कमरेला पट्टा बांधून तो गाडीला टेकून उभा होता.

"अहो, डॉक्टर काय म्हणालेत?"

"वाकू नको म्हणालेत. बसू नको कुठं म्हणालेत?"

नाही म्हणायला हवं होतं. पण नाही म्हटलं की वाद, आणि वादानंतर पुन्हा सत्यमला फोन. करुणानं मुकाट्यानं लाईफ जॅकेट त्याच्या हातात दिलं. त्याचे पट्टे मात्र तिनं स्वतः ओढून बघितले, दोनदा.

वारा बेताचाच होता. दोन निळी पिंपं पाण्यात तरंगत सोडली होती, त्यांना वळसा घालून परत यायचं होतं. विश्वजीत पुढं गेला. करुणा मुद्दाम मागं राहिली, नवऱ्याच्या बरोबरीनं. पहिल्या पिंपापर्यंत इंद्रजीतनं होडी अशी सरळ नेली की तिला जुने दिवस आठवले. पण पिंपाशी वळताना शीड एका बाजूचं दुसऱ्या बाजूला जातं, त्याची आडवी दांडी डोक्यावरून फिरते, तेव्हा खाली वाकावं लागतं. इंद्रजीतला वाकता आलं नाही. दांडी चुकवायला तो कलला, होडीही त्याच्याबरोबर कलली, आणि शीड पाण्यावर आडवं झालं.

करुणानं शर्यत सोडली. त्याच्यापाशी पोचून तिनं आपलं शीड उतरवलं आणि हात लांब करून उलट्या होडीची कड धरली. इंद्रजीत कडेला लोंबकळत होता. ओठ निळे पडले होते, पण तोंडावर हसू होतं.

"कंबर?"

"आहे जागेवर. पाण्यात तर दुखतच नाय."

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला बसायला?"

"तुझ्यासाठीच बसलो की. तुझा जीव आहे या क्लबात."

करुणा त्याच्याकडं बघतच राहिली. "माझा? अहो, हे सगळं मी तुमच्यासाठी ओढतेय. तुम्ही काढलेला क्लब. आधीच घरी बसलात, त्यात हाही बंद पडला तर खचाल म्हणून."

पाणी होडीच्या बुडावर चुबुक चुबुक आपटत होतं.

"मी दर रविवारी म्हणणार होतो, आज राहू दे, घरीच थांब," तो म्हणाला. "पण तू इतक्या घाईनं निघायचीस."

"लवकर उरकावं म्हणून घाई करायचे."

तिला हसू आलं नाही, रडूही आलं नाही. तिला झोप आली. इतक्या वर्षांची, साठलेली. तिथंच, हातात होडीची कड धरून.

विश्वजीत माघारी आला. दोघांनी मिळून इंद्रजीतला वर घेतलं, उलटी होडी दोरानं बांधून काठाला आणली. श्रेयानं चहा ओतला. इंद्रजीत चादरीत गुंडाळून बसला.

"ताई," विश्वजीत हळूच म्हणाला, "तीन होड्या फिरून आल्या म्हणून कळवून टाकू. कोण येतंय बघायला?"

करुणानं विचार केला. कोणी येत नव्हतं, हे खरंच होतं. पण मग पुढच्या वर्षी पुन्हा तीन होड्या, पुन्हा सत्यम, पुन्हा हा चिखल.

"नको. झालं तेच कळवू."

"मग क्लब जाईल."

"व्हय," ती म्हणाली. "जाईल."

आणि गेला. उन्हाळ्यात दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका क्लबानं टेम्पो पाठवून दोन होड्या नेल्या. टेम्पो वळणाआड जाईपर्यंत इंद्रजीत रस्त्यावर उभा होता. घरी येऊन तो जेवला नाही. करुणाही जेवली नाही. नको होतं तेच गेलं होतं, तरीही. पुढचे कितीतरी रविवार दोघं उशिरा उठली. एकदा वेरूळला जाऊन आली. एकदा नुसतीच भांडली, भाजी काय करायची यावरून.

तिसरी होडी फार जुनी, ती कुणीच मागितली नाही. विश्वजीतनं ती ट्रॉलीत घालून आपल्या, प्लॅस्टिकचा कागद अंथरलेल्या शेततळ्यात सोडली. एवढं मोठं शेततळं त्या पट्ट्यात दुसरं नव्हतं, तरी होडीनं जरा वारा धरला की समोरचा काठ यायचा. विश्वजीतची आई सारजाबाई रोज ओरडायची, "माझा कागद फाडताल रं! पाणी पळालं तर कांद्याला काय पाजू, तुमचं शीड?"

पुढच्या हिवाळ्यात श्रेयाचा फोन आला. शहरातल्या तरणतलावात ती पोहायला शिकली होती. "ताई, आता तरी शिकवा."

"मी आता कुणाला शिकवत नाही, श्रेया."

"नुसतं येऊन बसा मग. शेतातली मेथी घेऊन जा."

दोघं गेली. श्रेया होडीत, कंबरेला दोर, दोराचं दुसरं टोक काठावर विश्वजीतच्या हातात. पहिल्याच वळणावर होडी गोल गोल फिरायला लागली. करुणानं पाच मिनिटं तोंड मिटून सहन केलं.

"अगं, सुकाणू सोड जरा! त्याला आवळून काय धरलंस!"

श्रेयानं सोडलं. शीड भरलं, होडी सरळ निघाली आणि समोरच्या काठाच्या प्लॅस्टिकला टेकली. सारजाबाई लांबून ओरडली.

"लई भारी क्लब झाला हा आपला!" श्रेया हरखून म्हणाली.

"क्लब म्हणू नकोस," करुणा म्हणाली. "क्लब म्हटलं की फोन करावे लागतात."

ती बाभळीखाली चटईवर आडवी झाली. "अहो, पुढचं तुम्ही सांगा तिला." इंद्रजीत काठावर खुर्ची घेऊन बसला आणि मोठ्यानं सांगायला लागला, डावीकडं, आता उजवीकडं, मान खाली! त्यातलं एक चुकीचं होतं. करुणाला ते कळलं, पण ती उठली नाही.